सगळ्यात स्ट्राँग

"सगळ्यात स्ट्राँग कोणतं असेल ते द्या."

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. खोकल्याला स्ट्राँग, डोकेदुखीला स्ट्राँग, झुरळांना स्ट्राँग आणि आता चेहऱ्यालाही स्ट्राँग. झुरळं आणि चेहरा यांत माणसांना काही फरक वाटत नाही, असं मॅडमचं पक्कं मत होतं.

मॅडम म्हणजे त्या दुकानातली फार्मासिस्ट. वय एकोणचाळीस, औषधनिर्माणशास्त्राची पदवी, काउंटरमागे पंधरा वर्षं. पांढऱ्या कोटाच्या खिशाला पेनाचा जुना निळा डाग आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात कायमचं एक हसू. ते हसू कोणालाच आवडत नसे. माणूस तोंड उघडायच्या आधीच तो मूर्ख आहे हे आपल्याला कळलंय, असं ते सांगायचं.

आणि खरं सांगायचं तर, तिला तसं वाटायला कारणं होती. पूर्वी त्वचेच्या कप्प्यात कोल्ड क्रीमच्या दोन ओळी असायच्या. आता तिथे तीन फळ्या भरून बाटल्या उभ्या होत्या. सोनेरी झाकणं, ड्रॉपर, आणि प्रत्येकीवर 'अ' जीवनसत्त्वाच्या कुठल्या ना कुठल्या भावंडाचं नाव. टक्केवारी एवढी मोठी की रस्त्यापलीकडून दिसावी. मात्र ती टक्केवारी कशाची, हे वाचायला भिंग लागायचं. लोक भिंग आणत नसत. मोठा आकडा बघत आणि उचलत.

"मॅडम, यात पाल्मिटेट लिहिलंय आणि त्यात रेटिनॉल. फरक काय?" रस्त्यापलीकडच्या विमा कार्यालयातली रिसेप्शनिस्ट एकदा विचारती झाली.

प्रश्न चांगला होता. पाच मिनिटांत नीट उत्तर देता आलं असतं. पण मॅडमला पाच मिनिटं नव्हती, किंवा असली तरी ती या बाईवर घालवायची इच्छा नव्हती.

"सोपं आहे," ती म्हणाली. "रेटिनाइल पाल्मिटेट म्हणजे बालवाडी. रेटिनॉल म्हणजे शाळा. रेटिनाल म्हणजे कॉलेज. ट्रेटिनॉइनची ट्यूब म्हणजे पदवी. आणि त्याच घरातली ती कॅप्सूल असते ना, पिंपल्सवाली? ती डॉक्टरेट! बघा आता तुमचं शिक्षण कुठवर झालंय ते."

मागे उभे असलेले दोघे हसले. फळ्यांवर औषधं लावणारा कामगारही हसला. रिसेप्शनिस्ट मात्र हसली नाही. तिने मोबाइल काढून काहीतरी लिहून घेतलं. मॅडमला ते फारच विनोदी वाटलं. थट्टासुद्धा टिपून घेतात ही माणसं!

त्यानंतर महिन्याभरात ती चिठ्ठी सुरू झाली.

चिठ्ठी म्हणजे मोबाइलमधला फोटो. एका त्वचातज्ज्ञाच्या कागदाचा. फोटोच्या कोपऱ्यात कोणाचातरी अंगठा आला होता, लालभडक नेलपॉलिश लावलेला, आणि नेमका तारखेवर. रुग्णाच्या नावापुढे स्पष्ट लिहिलं होतं: वय १९, पुरुष. खाली ट्रेटिनॉइनची ट्यूब. त्याखाली वेगळ्या शाईत, बहुधा पुढच्या भेटीत लिहिलेलं: ट्यूब बंद, कॅप्सूल सुरू, रोज एक. विमा कार्यालयातल्या साहेबांच्या मुलाचा चेहरा मुरुमांनी भरला होता, त्याची ती चिठ्ठी. साहेबांनी कौतुकाने कोणाला तरी दाखवली असणार, आणि तिथून ती कार्यालयभर फिरली असणार.

पस्तिशीच्या, चाळिशीच्या, पन्नाशीच्या बायका यायच्या आणि एकोणीस वर्षांच्या मुलाची चिठ्ठी पुढे करायच्या. अंगठा तोच. नेलपॉलिश तीच. मॅडम पहिल्यांदा मालकांकडे गेली.

"ही चिठ्ठी यांची नाही. हे औषध असं देता येत नाही."

मालकांनी गल्ल्यामागून मान वर करून बघितलंही नाही. "मॅडम, आपण नाही दिलं तर समोरचा देतो. तुम्ही शास्त्र बघा, मी दुकान बघतो."

शास्त्र बघणं एवढं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता. मॅडमने खांदे उडवले आणि द्यायला लागली. स्वतःची समजूत घालायला तिला वेळ लागला नाही. डोळ्यांसमोर 'वय १९, पुरुष' लिहिलेलं असून ज्यांना लाज वाटत नाही, त्यांची चिंता आपण का करावी? चेहरा सोलून निघाला की येतील परत, आणि मग त्यांना सोलून निघालेल्या चेहऱ्याचं क्रीम देऊ. ती प्रत्येक ट्यूब तशाच तुच्छतेने सरकवायची, भिकाऱ्याला नाणं टाकावं तशी. कॅप्सूलची पट्टी खोक्यातून काढून खाकी पाकिटात घालायची, वर लिहायची: 'रोज एक, जेवणानंतर'. माहितीपत्रकाचा कागद खोक्यातच राहायचा. त्या कागदावर पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत, काय छापलेलं असतं हे तिला तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकांना नव्हतं.

तिने कोणालाही विचारलं नाही, "तुम्हाला दिवस गेलेत का? जायची शक्यता आहे का?" काउंटरवर चार माणसं असताना असलं विचारायचं कसं? आणि विचारून उपयोग काय, असंही ती म्हणायची. मूर्खांना विचारलं की मूर्खासारखीच उत्तरं येतात.

मॅडम भाऊ आणि वहिनीकडे राहायची. स्वतःचा संसार मोडून सात वर्षं झाली होती आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे. वहिनी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण नात्याने मोठी. सुरुवातीला मस्करीत नणंदेला 'वन्सं' म्हणायला लागली आणि मग तेच तोंडात बसलं. वहिनी त्याच विमा कार्यालयात दाव्यांच्या टेबलावर कामाला होती. दिवसभर लोकांच्या अपघातांचे कागद तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन हसतमुखाने भाजी चिरायची. सहा वर्षं मूल व्हावं म्हणून तिने सगळे उपचार केले होते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिने सगळ्या फाइली एका पिशवीत घातल्या, पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली आणि म्हणाली, "बास." त्यानंतर तो विषय निघाला नव्हता.

रविवारी सकाळी मॅडम चहा घेत बसली होती. भाऊ बाहेर गेला होता. वहिनी ओट्यापाशी उभी होती आणि खिडकीतला उजेड सरळ तिच्या तोंडावर पडत होता. हनुवटीजवळची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली, गाल लालबुंद.

"हे काय? कोणत्या पार्लरवाल्या बाईने हा उद्योग केलाय?" मॅडमने विचारलं. "चाळिशीच्या आधीच कातडं बदलायचं ठरवलंत की काय?"

वहिनीने फोडणीत हळद टाकली, गॅस बारीक केला. मग पाठ न वळवताच म्हणाली, "वन्सं, एक विचारू? माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं."

"मैत्रिणीला!" मॅडम हसली. "विचारा."

"तिची पाळी आठ दिवस पुढे गेलीय. म्हणजे नक्की काही नाही. पण समजा तसं असेल, आणि ती चेहऱ्यासाठी एक कॅप्सूल सुरू करणार असेल, तर चालतं का?"

"कुठली कॅप्सूल?"

वहिनीने नाव सांगितलं.

"त्या मैत्रिणीला सांगा, चेहरा दाखवायच्या आधी डोकं दाखव कोणाला तरी." मॅडमने कप खाली ठेवला. "ती कॅप्सूल आणि गर्भ? वहिनी, ते औषध घेताना दिवस राहिले तर मूल व्यंग घेऊन येऊ शकतं. मेंदू, हृदय, कान. साधी गोष्ट नाही ही. कोणत्या गाढवाने दिली तिला?"

वहिनी हळूच वळली. फडताळातला औषधांचा डबा काढला, त्यातून एक खाकी पाकीट उचललं आणि टेबलावर ठेवलं.

'रोज एक, जेवणानंतर.' अक्षर मॅडमचं होतं. 'ज'चा दांडा नेहमीसारखा लांब ओढलेला.

मॅडमला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. तिने पाकीट फाडलं. पट्टीवरून बोट फिरवलं. दहा. पुन्हा फिरवलं. दहाच्या दहा, एकही फुगा दाबलेला नाही.

"घेतली नाही तुम्ही?"

"आज जेवणानंतर सुरू करणार होते. रिसेप्शनवालीला सांगून आणवली. ट्यूब तीन आठवडे लावली, तीही तिनेच आणून दिली."

"मला का नाही विचारलं? घरात मी असताना!"

वहिनीने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. रागावलेली नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"तुम्हाला विचारायचं? वन्सं, घरात येऊन तुम्ही रोज गिऱ्हाइकांच्या नकला करता. ही अशी बोलली, ती तशी बोलली, हिला एवढंही कळत नाही. मी हसते तुमच्याबरोबर. पण ऐकता ऐकता मला काय वाटतं सांगू? की काउंटरच्या त्या बाजूला मी असते तर माझीही अशीच नक्कल झाली असती. म्हणून आमच्याकडची एकही बाई तुम्हाला प्रश्न विचारत नाही. घेतात आणि पळतात."

"पण चिठ्ठीवर एकोणीस वर्षांचा मुलगा लिहिलाय, वहिनी! एवढं तरी..."

"चिठ्ठी कोण वाचतं? आम्ही तुमची यादी वाचतो."

"कसली यादी?"

"बालवाडी, शाळा, कॉलेज, पदवी, डॉक्टरेट. लेडीज रूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. वर लिहिलंय, 'मेडिकलच्या मॅडमनी सांगितल्याप्रमाणे'. जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारतात, तू कितवीत गं? मी शाळेत अडकले होते, तर सगळ्या हसायच्या. शेवटी मीही पुढे गेले." वहिनीने गॅस बंद केला. "बाकी कुठे पुढे जाता आलं नाही म्हणून असेल."

हातातली पट्टी मॅडमला एकदम जड वाटायला लागली. पदवी, काउंटरमागची पंधरा वर्षं, तोंडपाठ असलेलं माहितीपत्रक, ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू! काय किंमत त्या सगळ्याची? ज्यांना ती मूर्ख समजत होती त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता. शब्दन् शब्द लिहून घेतला होता. सगळ्या प्रकरणात मूर्खपणा एकाच व्यक्तीने केला होता, आणि ती व्यक्ती पांढऱ्या कोटातली होती.

ती उठली, दुकानाच्या किल्ल्या घेतल्या आणि अर्ध्या तासात चाचणीचं किट घेऊन परत आली. न्हाणीघराच्या बाहेर दोघी उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी किटवर दोन रेघा उमटल्या. वहिनी तिथल्याच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले, सोललेले, लालबुंद गाल.

दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ट्यूब ताबडतोब बंद करायला सांगितली. त्वचेतून रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे तीन आठवड्यांच्या ट्यूबने घाबरून जाऊ नका, पण गरोदरपणात ती लावायचीही नाही, असं स्वच्छ शब्दांत समजावलं. मग चष्मा काढून विचारलं, "कॅप्सूल एकही नाही ना घेतली? नक्की?"

"एकही नाही," वहिनी म्हणाली.

"थोडक्यात वाचलात! एवढी जोखमीची गोष्ट चिठ्ठीशिवाय दिली कोणी तुम्हाला?"

वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. ती नणंदेला वाचवत होती, आणि तेच मॅडमला सहन होईना.

"मी दिली," ती म्हणाली. "मी फार्मासिस्ट आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. मॅडमने आयुष्यभर इतरांकडे ज्या नजरेने बघितलं होतं, ती नजर पहिल्यांदा तिच्या वाट्याला आली. फार वेळ नाही, दोन-तीन सेकंद. पुरेशी होती.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅडम विमा कार्यालयाच्या लेडीज रूममध्ये जाऊन उभी राहिली. सात-आठ जणी डबे उघडून बसल्या होत्या. कपाटाचं दार उघडं होतं आणि आतल्या बाजूला ती यादी, रंगीत पेनांनी, सुबक अक्षरात. मॅडमने ती काढली.

"अहो, ते आमचं आहे!" रिसेप्शनिस्ट म्हणाली.

"माझं आहे. मी थट्टा केली होती तुमची. चुकलं माझं."

मॅडमने यादीची घडी घातली आणि ती सगळ्यांकडे वळली.

"आधी एक सांगा. कॅप्सूल कोणाकोणाकडे आहे?"

दोन हात वर झाले. एक रिसेप्शनिस्टचा, तिचे ओठ दोन्ही कोपऱ्यांत चिरलेले होते. दुसरा टायपिंग करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीचा. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं.

"दोघींनी आजच बंद करा आणि डॉक्टरांना भेटा. रक्त तपासायला लागेल. आणि तू," ती त्या मुलीला म्हणाली, "डॉक्टरांशी स्पष्ट बोल. शेवटच्या कॅप्सूलनंतर निदान महिनाभर तरी दिवस राहता कामा नयेत. हे औषध बाळाला इजा करतं. ते वाईट मुरुमांच्या आजाराचं औषध आहे. सुरकुत्यांचं नाही, आणि ते कशाच्याही वरची पायरी तर मुळीच नाही."

मुलगी पांढरीफटक पडली. रिसेप्शनिस्ट मात्र उसळली.

"वा! परवा तुम्हीच पाकिटात घालून दिलीत, वर लिहूनही दिलंत, आणि आज आम्हाला शिकवायला आलात?"

"हो," मॅडम म्हणाली. "परवा शिकवायला हवं होतं. परवा मी हसत होते."

कोणी 'बसा' म्हणालं नाही. तिने उभ्यानेच सांगितलं, एकही विनोद न करता. ही सगळी एकाच घरची नावं. त्वचेवर काम शेवटी एकच आम्ल करतं. ट्रेटिनॉइन म्हणजे तेच आम्ल, थेट. म्हणून ते जोरात लागतं, सोलतं, आणि म्हणूनच ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. रेटिनालला त्वचा एका टप्प्यात तसं बनवते, रेटिनॉलला दोन टप्प्यांत, पाल्मिटेटला तीन. टप्पे जास्त म्हणजे काम सावकाश आणि त्रास कमी. याचा अर्थ लावणारी बाई कमी दर्जाची असा होत नाही. नाजूक कातडीला सावकाश बरं. सुरुवात आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढी, आणि दिवसा उन्हात जाताना सनस्क्रीन. ते लावायचं नसेल तर बाकी काही लावूच नका. गरोदर असाल, होणार असाल, तर या घरातलं कोणतंच नको, कितीही सौम्य असलं तरी. आणि कोणाला काहीच लावायचं नसेल तर तेही चालतं. चेहरा काही परीक्षेला बसलेला नाही.

"आणि एकोणीस वर्षांच्या मुलाची चिठ्ठी पुन्हा माझ्याकडे आली, तर औषध मिळणार नाही. कोणालाच नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकीने डब्याचं झाकण जोरात लावलं. दुसरी कुजबुजली, "आली मोठी!" मॅडमने ते ऐकलं. तिला त्याचा रागही आला नाही. तिच्या वाट्याचं ते तिला मिळत होतं.

मालकांनी अर्थातच तोंड वाकडं केलं. "समोरचा देतोच," ते म्हणाले.

"मग समोरच्याच्या दुकानात लोकांची पोरं व्यंग घेऊन येऊ देत. या काउंटरवर सही माझी असते. चालत नसेल तर दुसरी फार्मासिस्ट बघा."

मालकांनी बघितली नाही. कोट घालून पंधरा वर्षं उभी राहणारी माणसं सहजासहजी मिळत नाहीत, हे त्यांना दुकान बघता बघता कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात पन्नाशीची एक बाई काउंटरवर आली. दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच खोकल्याच्या गोळ्यांकडे बघत उभी राहिली. मग पुढे वाकून म्हणाली, "एक विचारायचं होतं. पण तुम्ही हसाल."

"नाही हसणार. विचारा."

"माझ्या सुनेचं क्रीम मी लावलं तर चालेल का? त्यावर काहीतरी रेटिनाल का काय लिहिलंय."

मॅडमने शेजारचं स्टूल पुढे ओढलं आणि बाटली उजेडात धरायला सांगितली. मागे तीन माणसं खोळंबली. त्यांतला एक चुळबुळला. मॅडमने त्याला थांबायला सांगितलं आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली.

वाचकहो, बाटलीवरच्या मोठ्या आकड्याला भुलणारे आपण आहोतच. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध आणणारे, मैत्रिणीच्या चेहऱ्यावर जे चाललं ते आपल्यावरही चालेल असं मानणारे, आपणच. याबद्दल आपली जेवढी कीव करावी तेवढी थोडी! पण ज्याला माहीत आहे आणि जो सांगण्याऐवजी हसतो, त्याची तर कीवही करू नये. अडाणी माणसाला निदान कळत नसतं. जाणणारा गप्प बसतो तेव्हा त्याने पुड्यात काय बांधून दिलं हे त्याला पुरतं ठाऊक असतं. म्हणून औषध घेताना विचारा, कितीही खुळचट प्रश्न असला तरी. ते कशाचं आहे, कोणासाठी आहे आणि माझ्यासाठी आहे का. आणि कोणी तुम्हाला विचारलं, तर आधी उत्तर द्या. हसायचंच असेल, तर ते नंतर, आणि एकट्याने.